एक्स-रेमध्ये हाड 'विरळ' दिसतं म्हणजे नक्की काय? (डेक्सा, मणक्याचं फ्रॅक्चर, टी-स्कोर)

हाडवैद्य

कंबरेचा किंवा खुब्याचा एक्स-रे काढला की रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ बऱ्याचदा असते: 'हाडांची घनता कमी झाल्यासारखी वाटते.' काही ठिकाणी या एका ओळीवर औषध सुरू होतं, तर काही ठिकाणी ती ओळ कुणी वाचतसुद्धा नाही. या धाग्यात एवढंच बघू, की एक्स-रेच्या निरनिराळ्या तपासण्यांतून हाडाबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही. औषधांची चर्चा इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात साध्या एक्स-रेपासून. हाडातलं साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय फरक डोळ्यांना खात्रीने दिसत नाही. तोपर्यंत फिल्म नॉर्मलच वाटते. उलटही होतं. केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज) जास्त ठेवला, पेशंट बारीक असला, तर धडधाकट हाडही फिकं दिसतं. आता सगळीकडे डिजिटल आहे, त्यामुळे तर काळ्या-पांढऱ्याचा भरवसाच नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राचा उजेड आपोआप सारखा करून देतं. म्हणून रंगावर जाऊ नका, आकार आणि रेघा बघा.

मणक्यात आडव्या रेघा आधी जातात, उभ्या टिकून राहतात. त्यामुळे मणका उभ्या पट्ट्यांच्या लुगड्यासारखा दिसायला लागतो. पुढे आतली जाळी इतकी विरळ होते की वरची-खालची तबकडी (मणक्याच्या हाडाचाच सपाट पृष्ठभाग, दोन मणक्यांमधली चकती नव्हे) आणि कडा तेवढ्या ठळक उरतात आणि मणका रिकाम्या डब्यासारखा दिसतो. हे चित्र दिसलं तर 'घनता कमी' असं लिहायला आधार आहे. नुसतं 'फिकं वाटतं' एवढ्यावर नाही.

सदाफुली

थोडी भर. खुब्याच्या साध्या एक्स-रेवर सिंग इंडेक्स मोजतात. १९७० साली मनमोहन सिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातल्या जाळीच्या रेघा बघून १ ते ६ अशी श्रेणी देतात.

६ म्हणजे सगळे गट दिसतात. ५ मध्ये दुय्यम रेघा पुसट होऊन वॉर्डचा त्रिकोण (हाडाच्या मानेतली रेघांमधली मोकळी जागा) मोकळा दिसायला लागतो. ४ मध्ये मुख्य ताणाच्या रेघा कमी झालेल्या असतात, पण बाहेरच्या कवचापासून मांडीच्या हाडाच्या मानेच्या वरच्या भागापर्यंत सलग असतात. ३ मध्ये त्या रेघा मोठ्या ट्रोकॅन्टरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा) समोर तुटतात, आणि सिंग यांच्या मते इथून पुढे नक्की ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ, ठिसूळ होणं). २ मध्ये फक्त दाबाच्या मुख्य रेघा ठळक उरतात, आणि १ मध्ये त्याही विरळ होतात.

मशीन नको, पैसे नकोत. ग्रामीण रुग्णालयात आजही उपयोगी.

पॉझिट्रॉन

सिंग इंडेक्सबद्दल आदर आहे, पण निर्णय त्यावर सोडू नये. ४ की ३ यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही, आणि औषधाचा निर्णय नेमका त्याच सीमेवर अडकतो. शिवाय पाय आतल्या बाजूला नीट वळवलेला नसेल तर रेघा एकमेकांवर येतात आणि 'तुटल्या'सारख्या दिसतात.

त्यापेक्षा कवचाची जाडी मोजा, तिथे मतभेद कमी होतात. हाताच्या एक्स-रेवर तर्जनीच्या तळव्यातलं हाड घ्या, म्हणजे दुसरं मेटाकार्पल. त्याच्या मधोमध बाहेरची पूर्ण रुंदी मोजा आणि आतल्या पोकळीची रुंदी मोजा. बाहेरची ८ मिमी आणि पोकळी ४ मिमी असेल तर (८ − ४) ÷ ८, म्हणजे ५० टक्के कवच. साधारण निम्म्याखाली गेलं तर डेक्सा (दोन ऊर्जांच्या एक्स-रेने हाडाची घनता मोजणारी तपासणी) करून घ्यायला सांगावं. मनगट मोडलं म्हणून एक्स-रे काढलेलाच असतो, त्यावर ही मोजणी दोन मिनिटांत होते.

हाडवैद्य

मान्य. सिंग इंडेक्स म्हणजे धोक्याची घंटा, निदान नव्हे. कवच मोजताना एकच काळजी: सॉफ्टवेअरमधली पट्टी वापरली तरी भागाकार टक्क्यांतच ठेवा. मग चित्र किती मोठं झालंय याचा प्रश्न उरत नाही.

कॅसेटवाला

मी रेडिओग्राफरच्या बाजूने लिहितो, कारण मणक्याचं फ्रॅक्चर बऱ्याचदा चुकतं ते फिल्म चुकीची काढल्यामुळे.

पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडे वाकवलेले. बायकांत कंबर आत आणि नितंब वर असल्याने पाठीचा कणा मध्ये खाली झोळतो. कंबरेखाली उशी किंवा स्पंज देऊन तो टेबलाला समांतर करा. ट्यूब किमान १०० सेंमी दूर. छातीच्या मणक्यांसाठी किरणाचा मध्य सातव्या मणक्यावर, कंबरेसाठी तिसऱ्यावर. दोन्ही एकाच फिल्ममध्ये बसवायचा मोह आवरा.

का? किरण मध्यापासून लांब तिरका जातो. तिथल्या मणक्याच्या तबकडीची एक कड वर आणि एक खाली दिसते, आणि मणका मध्ये दबल्यासारखा भासतो. पाठीला बाक असेल तरी हेच होतं. 'दोन्हीकडून दबलेला मणका' असे रिपोर्ट काही वेळा यातूनच येतात.

छातीच्या भागात फासळ्या आड येतात. त्यासाठी एमए (ट्यूबचा विद्युतप्रवाह) कमी ठेवा, एक्स्पोजर दोन-चार सेकंदांचं ठेवा आणि पेशंटला हलका हलका श्वास घ्यायला सांगा. फासळ्या हलून पुसट होतात, मणका स्थिर राहतो. मात्र पेशंट खोल श्वास घेऊन खांदे हलवायला लागला की मणकाही पुसट होतो. आधी एकदा सराव करून घ्यावा.

दुपारचा_चहा

उत्तम माहिती. पण मणक्याचं फ्रॅक्चर झालं तर दुखेलच ना? मुद्दाम शोधायची गरज काय?

सदाफुली

नेहमी दुखतंच असं नाही, तोच घोटाळा आहे. मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी साधारण एक तृतीयांशच डॉक्टरपर्यंत पोचतात. बाकीची 'वयाची कंबरदुखी' म्हणून निघून जातात, किंवा दुखतच नाहीत. आणि ताजं फ्रॅक्चर झालेल्या पाच बायकांपैकी जवळपास एकीला वर्षभरात मणक्याचं दुसरं फ्रॅक्चर होतं. म्हणून छातीचा बाजूचा एक्स-रे न्यूमोनियासाठी काढलेला असला तरी त्यातले मणके बघावेत.

मोजणी जेनंटच्या पद्धतीने, चौथ्या छातीच्या मणक्यापासून चौथ्या कंबरेच्या मणक्यापर्यंत. उंचीत २० ते २५ टक्के घट म्हणजे पहिली श्रेणी, २५ ते ४० दुसरी, ४० च्या वर तिसरी. समजा मागची उंची २८ मिमी आणि पुढची २० मिमी. घट ८ मिमी, म्हणजे सुमारे २९ टक्के: दुसरी श्रेणी, पाचरीचा आकार.

पहिल्या श्रेणीबद्दल सावध राहा. छातीच्या मधल्या भागात आणि छाती-कंबरेच्या सांध्यावर मणके जन्मतःच थोडे पाचरीसारखे असतात. तरुणपणी झालेला शॉयरमनचा आजारही तसाच दिसतो. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याची खालची तबकडी निसर्गतःच दोन कमानींची असते. नुसती उंची कमी असून चालत नाही, तबकडी वाकलेली किंवा तुटलेली दिसली तरच फ्रॅक्चर म्हणा.

रिपोर्टात 'वेजिंग' (पाचरीसारखा आकार), 'उंची कमी' असे शब्द असतात आणि 'फ्रॅक्चर' हा शब्द टाळलेला असतो. मग वाचणारा फिजिशियन पुढे जातो. फ्रॅक्चर असेल तर फ्रॅक्चरच लिहा.

पॉझिट्रॉन

आता डेक्सा. दोन वेगळ्या ऊर्जेचे किरण एकाच जागेतून जातात. कमी ऊर्जेचा किरण हाडात जास्त अडतो, जास्त ऊर्जेच्या किरणात हाड आणि मांस यांतला फरक कमी असतो. दोन्ही मोजण्यांवरून मांसाचा हिस्सा वजा केला की हाडातलं खनिज उरतं. एक कंपनी ट्यूबचा व्होल्टेज झपाझप बदलते, दुसरी फिल्टर लावून दोन ऊर्जा वेगळ्या करते. उत्तर ग्रॅम प्रति चौरस सेंमी असं येतं.

टी-स्कोर म्हणजे तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनांचं अंतर. होलॉजिक कंपनीच्या मशीनच्या मोजणीत मांडीच्या हाडाच्या मानेसाठी संदर्भ सरासरी ०.८५८ आणि प्रमाण विचलन ०.१२०. मोजलेली घनता ०.५५८ असेल तर (०.५५८ − ०.८५८) ÷ ०.१२० = उणे २.५. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये रेष इथेच आखली: उणे २.५ किंवा खाली ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ मध्ये घनता कमी.

ही व्याख्या पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी. पस्तिशीच्या बाईच्या रिपोर्टात टी-स्कोर बघून ऑस्टिओपोरोसिस म्हणू नका. तिथे झेड-स्कोर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघा, आणि तो उणे २ किंवा खाली असेल तर 'वयाच्या मानाने कमी' असं लिहून कारण शोधा.

आणि उणे २.५ म्हणजे काही कडा नाही, की अलीकडे सुखरूप आणि पलीकडे दरी. खुब्याची घनता एका विचलनाने उतरली की खुब्याच्या फ्रॅक्चरची शक्यता साधारण अडीच पट होते. तरीही निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर उणे २.५ च्या वरच्या लोकांतच होतात, कारण त्या गटात माणसंच जास्त असतात.

कॅसेटवाला

डेक्साच्या टेबलावर होणाऱ्या चुका:

खुबा. पाय १५ ते २५ अंश आत वळवून पट्ट्याने बांधायचा. बरोबर झालं की लहान ट्रोकॅन्टर जेमतेम दिसतो. तो मोठा बोंडासारखा दिसला तर पाय वळलेला नाही आणि मानेचा आकडा फसवा आहे. आधीच्या आणि आताच्या स्कॅनमध्ये तो उंचवटा वेगवेगळा दिसत असेल तर दोन आकड्यांची तुलनाच करू नका.

कंबर. एल१ ते एल४, म्हणजे कंबरेचा पहिला ते चौथा मणका. पाय ठोकळ्यावर, म्हणजे कंबरेची पोकळी सपाट होते. मणके मोजायला चूक होते ती फासळ्यांमुळे: बाराव्या फासळ्या छोट्या असल्या की टी१२ ला (छातीचा शेवटचा मणका) एल१ समजलं जातं. दोन्हीकडच्या कमरेच्या हाडांची रेघ बघून वरपर्यंत मोजत जा.

धातू. साडीची सेफ्टी पिन, पँटची झिप, खिशातली नाणी, चांदीचा करगोटा. करगोटा बरेच जण काढत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारावं लागतं. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची, कारण न विरघळलेली गोळी आतड्यात मणक्यावरच पडते आणि घनतेत मोजली जाते. बेरियम पाजून तपासणी झाली असेल किंवा रंगद्रव्य देऊन सीटी झाला असेल तर काही दिवस थांबा.

सदाफुली

आणि उतारवयात कंबरेचा आकडा फुगतो, हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. काटे फुटलेले मणके, महाधमनीतलं कॅल्शियम, दबलेला मणका (तेवढंच खनिज, पण लहान जागेत): सगळ्यांनी टी-स्कोर वर जातो. म्हणून कंबर उणे ०.८ आणि खुबा उणे २.६ आलं तर कंबरेवर विश्वास ठेवू नका. एखादा मणका शेजाऱ्यापेक्षा १ पेक्षा जास्त टी-स्कोरने वेगळा असेल तर तो वगळा. पण किमान दोन मणके उरायलाच हवेत, एकावर निदान नाही.

दोन्ही जागा निकामी असतील, वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे असेल, किंवा पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेलं असेल, तर कमी वापराच्या हाताचं मनगटाकडचं एक तृतीयांश रेडियस मोजा. वॉर्डच्या त्रिकोणाचा आकडा प्रिंटमध्ये छापलेला असला तरी निदानासाठी तो नाही. घाबरवायला मात्र तो पुरेसा असतो.

वडाची_पारंबी

एक शंका. आपल्याकडच्या बायका चणीने लहान. गोऱ्या स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून सगळ्याच 'ठिसूळ' ठरत नाहीत का?

पॉझिट्रॉन

शंका रास्त आहे, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत.

पहिला आकाराचा. डेक्सा हाडाची खोली मोजत नाही. समजा दोन ठोकळे एकाच घनतेचे, एक २ सेंमी बाजूचा, दुसरा ३ सेंमीचा. प्रति चौरस सेंमी खनिज दुसऱ्यात दीडपट येईल, केवळ तो जाड आहे म्हणून. लहान चणीच्या माणसाचा आकडा म्हणून खाली येतो. अर्थात लहान हाड खरोखरही थोडं लवकर मोडतं, त्यामुळे ही चूक पूर्णपणे चूक नाही.

दुसरा संदर्भाचा. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी की सगळ्या वंशांच्या स्त्रियांसाठी एकच गोरा संदर्भ वापरावा, म्हणजे निदान जगभर एका मापाचं राहील. मशीनमध्ये आशियाई किंवा भारतीय संदर्भ निवडता येतो आणि तो निवडला की टी-स्कोर बदलतो. वाद मिटलेला नाही. पण कोणता संदर्भ वापरला हे रिपोर्टावर छापलेलं असतं. पुढच्या वेळी तोच निवडला आहे का, हे बघा. काही वेळा 'सुधारणा' नुसता संदर्भ बदलल्यामुळेच झालेली असते.

हाडवैद्य

'सुधारणा' वरून, किती बदल खरा मानायचा?

कॅसेटवाला

प्रत्येक सेंटरने आपली चूक स्वतः मोजायची असते. ३० पेशंट प्रत्येकी दोनदा किंवा १५ पेशंट तीनदा, दर वेळी टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवून. त्यातून निघालेल्या चुकीला २.७७ ने गुणा. चूक ०.०१२ असेल तर उत्तर ०.०३३. आता गेल्या वर्षी ०.७८० आणि यंदा ०.८०२ आलं, तर फरक ०.०२२. म्हणजे काहीच बदललं नाही. मान्य मर्यादेतल्या टेक्निशियनच्या हातूनही कंबरेत ५ टक्क्यांच्या आसपास आणि मानेत ७ टक्क्यांच्या आसपास फरक आल्याशिवाय तो खरा धरत नाहीत.

बरीच सेंटर हे मोजतच नाहीत. विचारलं तर कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा दाखवतात. तो आदर्श परिस्थितीतला असतो, तुमच्या टेक्निशियनचा नव्हे.

वेगळ्या कंपनीच्या मशीनवर तुलना करूच नका. लूनार कंपनीच्या मशीनचा कंबरेचा आकडा होलॉजिकपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असतो. सकाळी पहिल्या पेशंटआधी फँटम (ठरलेल्या घनतेचा नकली मणका) स्कॅन करायचा, आकडा ठरलेल्या सरासरीपासून दीड टक्क्याहून जास्त सरकला तर पुन्हा करायचा, तरीही सरकलेला असेल तर काम थांबवून इंजिनियरला बोलवायचं.

सदाफुली

घनता म्हणजे खनिजाचं प्रमाण, गुणवत्ता नव्हे. मधुमेहात हे स्पष्ट दिसतं: टाइप २ मध्ये टी-स्कोर चांगला असतो, तरी हाडं जास्त मोडतात. तिथे टीबीएस (आतल्या जाळीचा गुणांक) उपयोगी. कंबरेच्या त्याच डेक्सा चित्रातल्या करड्या ठिपक्यांचे चढउतार सॉफ्टवेअर मोजतं. आतली जाळी दाट असेल तर शेजारच्या ठिपक्यांत फरक बारीक आणि पुष्कळ, विरळ असेल तर मोठे पट्टे. जुन्या मर्यादा अशा: १.३५० च्या वर चांगलं, १.२०० च्या खाली खराब. पोटावर चरबी फार असेल तर आकडा बिघडतो, बीएमआय १५ ते ३७ च्या बाहेर तो वापरू नये.

पुढची दहा वर्षं किती धोका, यासाठी फ्रॅक्स. शेफील्ड विद्यापीठाचं हे गणित २००८ पासून आहे, वय ४० ते ९०. देश निवडताना भारत निवडा. आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडलेला, स्टेरॉइड, रुमॅटॉइड संधिवात, धूम्रपान, दारू आणि मांडीच्या हाडाच्या मानेची घनता असं भरायचं. त्यात जे येत नाही ते असं: पडण्याची सवय, आणि स्टेरॉइडचा डोस. रोज ७.५ मिग्रॅपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन असेल तर उत्तर वाढवून वाचावं लागतं, मोठ्या फ्रॅक्चरसाठी सुमारे १५ टक्के आणि खुब्यासाठी २०. मधुमेह असेल तर काही जण संधिवाताच्या चौकटीत खूण करतात, ते मान्य पाऊल आहे. अमेरिकेतल्या औषध सुरू करण्याच्या '२० टक्के (मोठं फ्रॅक्चर) आणि ३ टक्के (खुबा)' या मर्यादा भारतासाठी काढलेल्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

दुपारचा_चहा

सोसायटीत फुकट तपासणी शिबिर होतं. टाचेवर जेल लावून टी-स्कोर देतात. तो चालेल?

पॉझिट्रॉन

ते अल्ट्रासाउंड, एक्स-रे नव्हे. त्या टी-स्कोरला उणे २.५ ची रेष लागू होत नाही. टाचेत जाळी जास्त, कवच कमी, आणि पायाचं तापमान, सूज यांनीही आकडा हलतो. वाईट आला तर डेक्सा करा, चांगला आला तर निश्चिंत होऊ नका. त्या कागदावर औषध घेऊ नका.

हाडवैद्य

एक मुद्दा राहिला, आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा. टी-स्कोर कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, असं गृहीत धरू नका. ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असेल तर हाडात खनिज भरतच नाही, तोही आकडा कमीच येतो. एक्स-रेवर तो वेगळा ओळखता येतो: लूझरच्या रेघा. हाडाच्या कडेला काटकोनात आडवी फट, कडा पांढरट, बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखी. जागा: मांडीच्या मानेचा आतला भाग, जांघेतली हाडं, खांद्याच्या फऱ्याची बाहेरची कड.

आता उलट. बिस्फॉस्फोनेट (हाडाची झीज रोखणारं औषध) वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला, ट्रोकॅन्टरखाली किंवा मध्यभागी कवच चोचीसारखं जाड होतं आणि त्यात बारीक आडवी रेघ पडते. आत की बाहेर, हा फरक नीट बघा, कारण उपचार पूर्ण उलटे आहेत. पेशंट जांघेत किंवा मांडीत दुखतं म्हणून येतो आणि एक्स-रे फक्त खुब्याचा काढला जातो, दोष त्याच्या खाली असतो. दोन्ही मांड्या पूर्ण लांबीत काढा.

कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड, आणि रक्तक्षय किंवा वाढलेला ईएसआर असेल तर मायलोमासाठी (अस्थिमज्जेचा कर्करोग) प्रथिनांची तपासणी. हे डेक्साबरोबरच करा, नंतर नव्हे.

सदाफुली

सीटीबद्दल दोन ओळी. पोटाचा सीटी मुतखड्यासाठी झालेला असेल तर एल१ मणक्याच्या मधल्या जाळीदार भागात गोल आखून हाउन्सफील्ड आकडा (सीटीतलं घनतेचं माप) वाचा. तबकडी, कवच आणि मागच्या शिरेची जागा टाळायची. १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी, ११० किंवा खाली असेल तर बरीच जास्त. हे १२० केव्हीपीवरच्या, रंगद्रव्य न दिलेल्या स्कॅनसाठी. रंगद्रव्य दिलं की आकडा वर जातो.

वडाची_पारंबी

पुन्हा पुन्हा डेक्सा केला तर किरणांचा त्रास?

कॅसेटवाला

एका डेक्साचा डोस १ ते १० मायक्रोसीव्हर्टच्या आसपास. नैसर्गिक किरणोत्सर्ग जगात सरासरी वर्षाला २,४०० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे रोज साडेसहा. कंबरेच्या साध्या एक्स-रेचा डोस डेक्सापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे उंची ४ सेंमीहून जास्त घटली असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर त्याच टेबलावर मणक्यांचं बाजूचं चित्रही काढून घ्या. मशीनमध्ये ती सोय असेल तर पाच मिनिटांचं काम.

आणि पुढच्या वेळी जाताना फक्त आकड्यांचं पान नेऊ नका. खुब्याचं आणि कंबरेचं चित्र असलेलं पान न्या. लहान ट्रोकॅन्टर, वगळलेला मणका, आखलेल्या चौकटी, सगळं त्याच पानावर दिसतं. टेक्निशियन ते समोर ठेवूनच दुसरं स्कॅन लावतो.